मॉनिटरवर ९५, रिपोर्टात ७८: ऑक्सिजन नेमका किती?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा हा ठरलेला प्रश्न. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ९५ दिसतो, एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, कागदावर मात्र ७८. मग डॉक्टर लपवतायत की मशीन बिघडलंय? दोन्ही नाही. पहिला आकडा टक्का आहे, दुसरा दाब.

चिमटा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ साली त्यामागचं तत्त्व मांडलं. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पार जातो आणि हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी किती ऑक्सिजनने भरल्या आहेत, याचा अंदाज मिळतो. हाच एसपीओटू. एबीजीसाठी बहुधा मनगटाच्या धमनीत सुई टोचावी लागते (चांगलीच दुखते). त्यातला पीएओटू रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब सांगतो. साधारण ८० ते १०० मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला.

दोघांचं नातं मात्र सरळ नाही. दाब १०० वरून ६० वर आला तरी चिमटा जेमतेम ९० पर्यंत उतरतो. त्यापुढे घसरगुंडी: ४० ला टक्का ७५ च्या आसपास. म्हणजे ९० दिसेपर्यंत फुप्फुसाने बरंच गमावलेलं असू शकतं.

चिमट्याला कार्बन डायऑक्साइड तर दिसतच नाही. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला ऑक्सिजन लावलाय, स्क्रीनवर ९४ आहे, घरचे म्हणतात, ‘आता शांत झोप लागली.’ ती झोप नसून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी असू शकते. ते एबीजीतच कळतं. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरच्या धुराने बेशुद्ध पडलेल्याचंही तसंच: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन साध्या चिमट्याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

त्वचेचा रंगही आड येतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी चिमट्याचे आणि धमनीतल्या रक्ताचे आकडे ताडून पाहिले. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतली खरी टक्केवारी ८८ च्या खाली निघाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नमुन्यांत झालं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. आपल्याकडच्या सावळ्या बोटांना हा चिमटा लावताना मला ते आकडे आठवतात.

तरीही चिमटा काढून ठेवता येत नाही. एबीजी हा एका क्षणाचा फोटो. पहाटे तीनला पेशंटची श्वासाची नळी कफाने तुंबली, तर नर्सला हाक मारणारा अलार्म चिमट्याचाच असतो.