तलफ: शरीरातून दारू गेल्यावरही उरणारी ओढ

दारू सोडून दोन-तीन आठवडे झाले, हातांची थरथर थांबली, भूक लागू लागली, चेहऱ्यावर तजेला आला, तरी संध्याकाळ झाली की माणूस अस्वस्थ होतो. ‘मनावर घेतले तर का नाही जमणार?’ असे घरचे विचारतात. या प्रश्नात माणसाच्या निश्चयावर संशय असतो आणि तो बहुतेक वेळा अन्यायकारक असतो. कारण शरीराचे अवलंबित्व आणि तलफ या मेंदूतील दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळ जास्त काळ टिकते.

पहिलीविषयी थोडक्यात. दारू मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक रसायनाचा दाबते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू याची भरपाई करत राहतो, त्यामुळे दारू अचानक थांबली की उत्तेजनाला आवर राहत नाही. थरथर आणि घाम पहिल्याच दिवशी सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, काहींना दोन-तीन दिवसांनी भास होऊन भान हरपते आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणूनच अशा व्यक्तीने घरच्या घरी एकाएकी दारू बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी.

तलफ मात्र शिकलेली असते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की फळाचा रस मिळण्याआधी ठरावीक खूण दाखवली जात असेल, तर काही काळाने डोपामिन हे बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेले रसायन सोडणाऱ्या मेंदूतील पेशी रसापेक्षा त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. आपल्याकडे ही खूण म्हणजे पगाराचा दिवस, बारजवळचे वळण, चखण्याचा वास किंवा गटारीच्या आठवड्यात मित्राचा येणारा फोन. मेंदूचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली: एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती आवडणे यांच्या यंत्रणा मेंदूत वेगळ्या आहेत. ‘आता पिण्यात मजा राहिली नाही, तरी प्यावेसे वाटते’ असे कोणी सांगतो तेव्हा तो सबब सांगत नसतो, खरे तेच बोलत असतो.

अशा वेळी ‘तो विचारच करू नकोस’ हा सल्ला उपयोगाचा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांच्या मनात तेच अस्वल पुन्हापुन्हा येत राहिले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी वेगळी वाट सुचवली. तलफ लाटेसारखी चढते आणि तिला दारू मिळाली नाही तर ओसरतेही. तेव्हा तिच्याशी झुंजण्याऐवजी ती छातीत, घशात, पोटात कुठे जाणवते आहे हे पाहत, श्वासाकडे लक्ष देत ती जाऊ द्यायची. ते जमत नसेल तेव्हा डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारे काम घ्यावे, मग ते तांदूळ निवडणे असो वा बुद्धिबळ. तलफ बऱ्याच अंशी मनातल्या चित्रांवर पोसली जाते आणि अशा कामामुळे त्या चित्रांना मनात जागा कमी उरते. उपाशीपोटी, रागात, एकटेपणात आणि थकव्यात ती जोर धरते, असा व्यसनमुक्तीच्या गटांचा अनुभव आहे. त्यामुळे संध्याकाळी वेळेवर पोटभर खाणे हा क्षुल्लक उपाय समजू नये.

नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे काहींना पुन्हा पिण्यापासून दूर राहायला मदत करतात. पहिल्यासाठी यकृताची आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंडांची तपासणी लागते. डायसल्फिरमचे काम वेगळे आहे. ते तलफ कमी करत नाही, तर प्यायल्यास मळमळ, धडधड आणि रक्तदाबातील घट असा त्रास घडवते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून कोणतेही औषध जेवणात मिसळू नये. डायसल्फिरम पोटात असल्याचे ठाऊक नसलेला माणूस प्यायला, तर त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, आणि हे उघड झाल्यावर घरावरचा त्याचा विश्वासही तुटतो.

इतके करूनही कधी घोट घेतला जातो. मार्लट यांचे एक निरीक्षण मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते: त्या एका घोटापेक्षा ‘आता सगळे संपले’ ही अपराधी भावना माणसाला पुढच्या बाटलीकडे अधिक ढकलते. तेव्हा घरच्यांनी त्या रात्री जाब न विचारता दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत समुपदेशकाकडे जावे; लगेच कोणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो.