कर्नलमधलं फंक्शन काढणं वेगळं, सिस्टिम कॉल काढणं वेगळं

लिनक्स कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, एखादं जुनं फंक्शन गेलं की तीच ओरड सुरू होते: "युजरस्पेस मोडायचं नाही असा नियम आहे ना, मग हे काय?" अहो, युजरस्पेस म्हणजे कर्नलबाहेर चालणारे प्रोग्रॅम; तो नियम सिस्टिम कॉलसारख्या बाहेरच्या दारांसाठी आहे. आतल्या फंक्शनांना तो कधीच लागू नव्हता, आणि कर्नलच्या दस्तऐवजांत तसं स्वच्छ लिहिलेलं आहे.

सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने ठरलेला क्रमांक देऊन कर्नलकडे काम मागायची वाट. आतलं फंक्शन असो वा सिस्टिम कॉल, दोन्ही काढायला पॅचच, म्हणजे कोडमधला बदलच, लागतो. प्रश्न एवढाच, की वापरणारा तुम्हाला दिसतो का?

स्ट्र-एल-कॉपी (strlcpy) हे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करणारं कर्नलमधलं फंक्शन घ्या. स्रोताची लांबी परत द्यायची म्हणून ते अख्खी स्ट्रिंग वाचत जायचं. शेवटी शून्य बाइट (मजकूर संपल्याची खूण) नसेल तर थेट हद्दीबाहेर. गिट ग्रेप, म्हणजे अख्ख्या कोडमधला शोध, मारला की ते वापरणाऱ्या सगळ्या ओळी समोर. त्या एकेक करून स्ट्र-एस-कॉपी (strscpy) या बदली फंक्शनावर नेल्या आणि 2024 मध्ये 6.8 आवृत्तीतून फंक्शनच उडवलं. ट्रीबाहेरचं, म्हणजे कर्नलच्या मूळ कोडमध्ये नसलेलं, मॉड्यूल त्यामुळे कंपाइल होईना, तर ते ज्याचं त्याने सुधारायचं.

पण ग्रेप करून नुसती नावं बदलणारे पॅच पाहिले की माझं डोकं फिरतं. मजकूर मावला नाही तर स्ट्र-एस-कॉपी लांबी देत नाही, ऋण एरर कोड देतं: ई-टू-बिग, म्हणजे उणे 7. परत आलेली किंमत कुणी पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यात, मिळवत असेल, तर पॉइंटर सात घरं मागे जातो. कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रत्येक जागा डोळ्यांनी वाचावीच लागते.

सिस्टिम कॉलचं गिऱ्हाईक मात्र ग्रेपला सापडतच नाही. ते कुठल्यातरी मशीनवर, दहा वर्षांपूर्वी कंपाइल केलेल्या बायनरीत बसलेलं असतं. म्हणून कर्नलच्या सेटिंग्ज वाचायचा-बदलायचा जुना सिसकंट्रोल (sysctl) कॉल वापरला की कर्नल आधी कित्येक वर्षं लॉगमध्ये इशारा देत राहिला आणि 5.5 आवृत्तीत, 2020 साली, आतलं काम काढलं. 64-बिट एक्स-86 प्रोसेसरवरचा त्याचा 156 क्रमांक आजही दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. तिथे 'असा कॉल नाही' हा एरर मिळतो. क्रमांक पुन्हा वापरला असता तर जुना प्रोग्रॅम गुपचूप भलतंच काम करून बसला असता.

आतल्या फंक्शनावर 'डेप्रिकेटेड' शिक्का मारून ते वर्षानुवर्षं ठेवणं मला पटत नाही. कर्नलमध्ये त्या शिक्क्याने आता बिल्डच्या वेळी वॉर्निंगसुद्धा येत नाही, कारण ती वाचून कुणी काही काढत नव्हतं. वापरणारे दिसताहेत ना? मग ते बदला आणि त्याच मालिकेतल्या शेवटच्या पॅचमध्ये फंक्शन काढा.