टॉर्क पान्यावरील एकके

नट किंवा बोल्ट किती जोराने आवळला जातो आहे हे मोजून देणारा पाना म्हणजे टॉर्क पाना, आणि त्याच्या दांड्यावरची पट्टी ज्या मापात कोरलेली असते ते त्याचे एकक. बोल्टच्या मध्यापासून एक मीटर अंतरावर दांड्याला काटकोनात एक न्यूटन बल लावले की एक न्यूटन-मीटर टॉर्क होतो. अर्धा मीटर लांबीच्या पान्याने चाकाच्या नटला 100 न्यूटन-मीटर द्यायचे तर मुठीवर 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोचा भार टाकावा लागतो.

घरी गाडीचे काम करणाऱ्याची गाठ पाच एककांशी पडते. न्यूटन-मीटर हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतले. जुन्या जपानी वळणाचे किलोग्रॅम-बल मीटर 9.80665 न्यूटन-मीटरइतके असते. त्याचाच शंभरावा भाग किलोग्रॅम-बल सेंटिमीटर. अमेरिकी फूट-पौंड 1.356 न्यूटन-मीटरचा, तर इंच-पौंड त्याचा बारावा भाग, 0.113 न्यूटन-मीटरचा. पौंडासाठी पान्यावर 'एलबी' ही अक्षरे असतात, ती लॅटिन 'लिब्रा'ची. त्यामुळे नवख्याला त्यात पौंड ओळखूच येत नाही.

वाहनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एकच माप बहुधा तीन एककांत शेजारी-शेजारी छापलेले असते. सुझुकीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटसाठी 85 न्यूटन-मीटर, 8.5 किलोग्रॅम-मीटर, 61.5 फूट-पौंड असे आकडे दिसतात. गणित करून पाहिले तर 8.5 चे 83.4 येतात, छापताना सरळ दहाने गुणले आहे. टोयोटाच्या 103 न्यूटन-मीटर, 1050 किलोग्रॅम-बल सेंटिमीटर, 76 फूट-पौंड या त्रिकुटात मात्र हिशेब काटेकोर आहे. दहाने गुणण्यात चूक होते ती फक्त दोन टक्क्यांची. हातपान्यांसाठीचे आयएसओ 6789 हे मानक 10 न्यूटन-मीटरच्या वरच्या मापांत क्लिक पान्याला, म्हणजे लावलेले माप गाठताच 'टक्' वाजणाऱ्या पान्याला, चार टक्के इकडे-तिकडे चालवून घेते. तेव्हा किलोग्रॅम-मीटरला दहाने गुणून काम करणारा मेकॅनिक निष्काळजी ठरत नाही.

फूट-पौंडाला ही सूट नाही. ऑइल ड्रेन बोल्टला 24 न्यूटन-मीटर सांगितले असताना पान्याच्या दुसऱ्या बाजूची पट्टी वाचून 24 फूट-पौंड लावले, तर बोल्टला 32.5 न्यूटन-मीटर बसतात. एकदा निभावून जाते, दोनदाही जाते. पण इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर दर वेळी आटे थोडे थोडे ओढले जातात आणि एखाद्या ऑइलबदलीला बोल्ट नुसताच गोल फिरू लागतो. मग आटे मोठे करून हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवण्याचा खर्च येतो. उलट चूकही तितकीच वाईट: 76 फूट-पौंडाऐवजी 76 न्यूटन-मीटर लावले की चाकाचा नट चौथाई भागाने सैल राहतो.

सगळ्यांत घातक गोंधळ इंच-पौंड आणि फूट-पौंड यांचा. स्कूटरच्या इंजिनकव्हरचा 6 मिलिमीटरचा बोल्ट सुमारे 10 न्यूटन-मीटर, म्हणजे 88 इंच-पौंडावर आवळतात. हेच 88 फूट-पौंड समजले तर 119 न्यूटन-मीटर होतात. तो बोल्ट त्याच्या कितीतरी आधीच तुटतो आणि पाना 'टक्' करीतच नाही. फसगत होते ती अशी की 88 हा आकडा मोठ्या पान्याच्या पट्टीवर बरोबर मधोमध सापडतो, त्यामुळे शंकाच येत नाही.

म्हणूनच एककाइतकाच पान्याचा पल्लाही पाहावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारा 1/2 इंची चौकोनाचा (सॉकेट ज्यावर बसतो त्या टोकाचा) पाना 28 ते 210 न्यूटन-मीटरचा असतो. चाकाच्या नटला उत्तम, पण 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी त्याच्या पट्टीवर आकडाच नाही. त्यासाठी 1/4 इंची, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा वेगळा पाना लागतो. (बोल्ट मिलिमीटरमध्ये आणि पान्याचा चौकोन इंचात, हा विरोधाभास भारतीय गॅरेजातही कुणाला खटकत नाही.) दोन्ही पाने घ्यायचे तर दोन्हींवर न्यूटन-मीटरची पट्टी ठळक असलेलेच घ्यावेत; मॅन्युअलमधला आकडा मग मनात बदलावा लागत नाही.

क्लिक पान्यात आधी दांड्यावरची उभी पट्टी आणि मग मुठीवरचे गोल वलय अशी दोन वाचने जोडायची असतात. 24 साठी मूठ 20 च्या रेषेवर आणून वलयावर आणखी 4 घ्यायचे, आणि तळाची कळ घट्ट करायची. दोन्ही वाचने एकाच एककाच्या बाजूची हवीत. पहिला 'टक्' ऐकू आला की हात थांबवायचा. खात्रीसाठी पुन्हा दोनदा वाजवणे म्हणजे सांगितलेल्या मापापेक्षा जास्त आवळणे. काम झाल्यावर मूठ पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यापर्यंत उलटी फिरवून पाना पेटीत ठेवतात, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही.