माहिती तंत्रज्ञान : नोकरीसाठी पात्रता व संधी (सांगली-सातारा परिसर)

संगणकाच्या आधारे माहिती साठवणे, तिच्यावर प्रक्रिया करणे आणि ती इष्ट स्थळी पोचवणे या कामांशी निगडित नोकऱ्यांना बोलीभाषेत ‘आयटीतली नोकरी’ म्हणतात. ‘माहिती तंत्रज्ञान’ (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, म्हणजेच आयटी) ही संज्ञा आजच्या अर्थाने हॅरॉल्ड लेव्हिट व टॉमस व्हिस्लर या अमेरिकी व्यवस्थापन अभ्यासकांच्या १९५८ मधील लेखात प्रथम आली, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी तिची तीन अंगे सांगितली होती : वेगवान माहितीप्रक्रिया, निर्णयासाठी गणित व संख्याशास्त्राचा वापर आणि संगणकाकरवी उच्च प्रतीच्या विचारप्रक्रियेचे अनुकरण. तिसरे अंग आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जवळचे आहे.

‘संगणक’ आणि ‘आयटी’ या पदवीशाखांत भेद किती, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार पहिलीचा भर यंत्रणेच्या गाभ्यावर (कंपायलर म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी प्रणाली, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली), तर दुसरीचा नेटवर्क (संगणकांची जोडणी), डेटाबेस (माहितीचा पद्धतशीर साठा) व प्रत्यक्ष वापरावर असतो. अभ्यासक्रम ताडून पाहिले तर बराच भाग समान निघतो आणि बहुतेक भरती दोन्ही शाखांना एकत्रच खुली असते. म्हणून शाखेच्या नावापेक्षा गणित आणि प्रोग्रॅमिंगची तयारी निर्णायक धरणे अधिक योग्य वाटते.

अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असून संबंधित विषयांत किमान ४५ टक्के (राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के) गुण लागतात. प्रवेश एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) यांच्या गुणांवर मिळतो. दहावीनंतर ३ वर्षांचा अभियांत्रिकी डिप्लोमा केल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीला शहरात राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरांना हा मार्ग मोठा आधार ठरतो. बीसीए (संगणक उपयोजनांची पदवी) किंवा बीएस्सी करून एमसीए (त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी) करणे हा तिसरा मार्ग. एमसीए २०२०-२१ पासून २ वर्षांचे झाले. एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम असून सरकारी लिपिकपदांसाठी उपयोगी आहे. आयटी व्यवसायाची पात्रता म्हणून त्याच्याकडे पाहू नये; या गैरसमजात मुलांचे एखादे वर्ष सहज वाया जाते.

परिसरातील संस्थांत सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) जुने आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, तर साताऱ्याचे रयत शिक्षण संस्थेचे व ईश्वरपूरजवळचे (पूर्वीचे इस्लामपूर) राजारामबापू ही दोन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ ची आहेत.

कॅम्पस भरतीत (कंपन्या महाविद्यालयात येऊन करतात ती निवड) दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्क्यांची अट अनेकदा असते, शिवाय बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) चालत नाही. ॲप्टिट्यूड (आकडेमोड व तर्कशक्तीच्या) चाचणीनंतर तांत्रिक मुलाखत होते. तीत वर्षानुवर्षे विचारला जाणारा एक प्रश्न नमुन्यादाखल पाहू : कर्मचाऱ्यांच्या तक्त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. पाठांतर करणारा विद्यार्थी पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलतो. पण ९०, ९०, ७० असे आकडे असतील तर दुसरी ओळ ९०च येते, उत्तर मात्र ७० हवे. आधी समान किमती एकदाच मोजणे (डिस्टिंक्ट), मग क्रम लावणे, हे ज्याला सुचते त्याला पुढचा प्रश्न विचारला जातो. जत किंवा माण अशा दुष्काळी तालुक्यातल्या विद्यार्थ्यालाही या तयारीसाठी महागडा क्लास लागत नाही. वही, कॉलेजची लॅब आणि रोजचा सराव पुरतो. मुलाखतीतली खरी अडचण बहुधा इंग्रजीत विचार मांडण्याची असते. त्यासाठी पहिल्या वर्षापासून मोठ्याने वाचन करावे आणि आपला प्रकल्प मित्राला इंग्रजीत समजावून सांगण्याची सवय लावावी.

नोकऱ्या मुख्यतः पुण्यात, म्हणजे हिंजवडी, खराडी व मगरपट्टा भागात आहेत. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. नवोदिताला बहुधा टेस्टिंग (प्रणाली तपासणे), सपोर्ट (वापरकर्त्यांच्या अडचणी सोडवणे) या कामांसाठी किंवा कनिष्ठ डेव्हलपर (प्रोग्रॅम लिहिणारा) म्हणून घेतात. मंदीत भरती आखडते, तेव्हा इंटर्नशिप (शिकताना कंपनीत केलेली उमेदवारी) व स्वतः पूर्ण केलेल्या प्रकल्पांचे वजन वाढते. गावाजवळ राहू इच्छिणाऱ्यांना सहकारी बँकांची कोअर बँकिंग प्रणाली (सर्व शाखांची खाती एकत्र जोडणारी व्यवस्था), साखर कारखान्यांतील ऊसनोंद व वजनकाट्याची संगणकीय व्यवस्था आणि मिरजेची रुग्णालये येथे कामे मिळतात.