हमिंग येतंय? आधी केबल काढून बघा

अ‍ॅम्प्लिफायर सुरू आहे, गाणं अजून लावलेलं नाही, तरी स्पीकरमधून बारीक ‘घूं’ चालूच. अशा वेळी माणूस लगेच ‘वीज शुद्ध करणारा’ पॉवर कंडिशनर शोधायला लागतो. त्याआधी एक चाचणी फुकटात करता येते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, त्याला आलेल्या सगळ्या सिग्नल केबल काढा, पुन्हा सुरू करा.

आवाज गेला? मग दोष बहुधा ग्राउंड लूपचा. टीव्ही एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या. त्या दोन टोकांत किंचित व्होल्टेजचा फरक असतो. ऑडिओ केबल ती टोकं जोडते आणि तिच्या बाहेरच्या जाळीतून 50 किंवा 60 हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला तो संगीतापासून वेगळा ओळखता येत नाही. तोही इमानेइतबारे मोठा होतो. यावर महागडा कंडिशनर सहसा काही करत नाही. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्यानं भागलं नाही, तर सिग्नलच्या वाटेवर छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा; तो सिग्नल पुढे देतो, पण दोन उपकरणांमधला तारेचा थेट जोड तोडतो. काही जण अर्थची पिनच काढून टाकतात. हमिंग जातं खरं, पण आत कुठे वायर बॉडीला लागली तर शॉकपासून वाचवणारी तीच पिन असते. ते करूच नका.

केबल काढूनही 100 किंवा 120 हर्ट्झची, जरा खरखरीत गुणगुण राहिली, तर अ‍ॅम्प्लिफायरमधले, आतली वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. आणि स्पीकर गप्प असून डबाच घुमत असेल तर? टोरॉइडल, म्हणजे कडीसारखा गोल, ट्रान्सफॉर्मर मेन्समध्ये (घरात येणाऱ्या विजेत) मिसळलेल्या थोड्याशा डीसीनंही, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहानंही, कुरकुरतो. अर्ध्या जोरावर चालणारे काही हेअर ड्रायर आतल्या एका डायोडमुळे नेमकं असं डीसी लाइनवर सोडतात. इथे डीसी ब्लॉकर लागतो. साधा फिल्टर लावून फरक पडत नाही.

मग फिल्टर कशासाठी? चार्जर, डिमर यांच्याकडून येणारा उच्च वारंवारतेचा कचरा कॉइल आणि कपॅसिटर मिळून अडवतात. 50 हर्ट्झला ते हात लावत नाहीत, कारण ती तर आपल्याला हवी असलेली वीजच. शिवाय चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय यातलं बरंचसं काम स्वतःच करतो, त्यामुळे फिल्टरनं ‘आवाज मोकळा झाला’ हे मी तरी जपून ऐकतो.

सर्ज प्रोटेक्टर मात्र घ्यावा. त्यातला एमओव्ही नावाचा झिंक ऑक्साइडचा छोटा भाग नेहमीच्या व्होल्टेजला जवळपास इन्सुलेटरसारखा वागतो आणि व्होल्टेज उसळलं की झटक्यात वाहक होऊन ती लाट दुसरीकडे वळवतो. प्रत्येक झटक्यागणिक तो झिजतो, म्हणून संरक्षण शाबूत असल्याचं सांगणारा दिवा असलेला घ्या. जवळच वीज पडली तर त्याचा भरवसा नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढलेला बरा.

स्टॅबिलायझरची गरज व्होल्टेज खरंच खूप खाली-वर होत असेल तरच. मागे ‘100–240 व्होल्ट’ लिहिलेल्या उपकरणाला तो लागत नाही. चौकोनी लहरींचा स्वस्त यूपीएस टाळा, ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो.

काहीही घेतलं तरी क्षमता ऐसपैस हवी. नेहमीच्या पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर फक्त लहरीच्या शिखराजवळ भरतात, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर सलग नाही, घोटाघोटानं प्रवाह ओढतो. सरासरी वॅट बघून घेतलेला कंडिशनर या घोटांनाच अडवून बसतो.

मेन्समधला फरक कानाला थेट कळतो तो मात्र जुन्या टर्नटेबलवर. सिंक्रोनस मोटरचा वेग मेन्सच्या वारंवारतेला बांधलेला. 60 हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र 50 वर चालवलं की तबकडी सहाव्या हिश्शानं मंद फिरते आणि गायिकेचा आवाज जड, पुरुषी होतो. फिल्टर किंवा स्टॅबिलायझरला तिथे वावच नाही. वीज नव्यानं घडवून हवी ती वारंवारता देणारं रिजनरेटर तेवढं उपयोगी पडतं.