गणिताचा संच मागवण्याआधी : मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी

"मुलगी सहा वर्षांची आहे, पण दुसरीचं गणित चार दिवसांत उरकलं. आता कंटाळा आला म्हणते. चौथीचा संच पाठवून द्या." घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गणिताच्या पुस्तकांचे संच विकणाऱ्या आमच्या दुकानात असा फोन आला नाही असा आठवडा जात नाही. आमचं उत्तर दर वेळी एकच असतं : संच पाठवू, पण आधी आमची चाचणी सोडवून घ्या. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

मूल कंटाळलं की वरच्या इयत्तेचं पुस्तक घ्यायचं, ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तीच सगळ्यात महाग पडते. पहिली वीस पानं धडाधड सुटतात. मग भागाकार किंवा अपूर्णांक आले की गाडी अडते, रडारड होते. कालपर्यंत "मला येतं" म्हणणारं मूल "मला गणित आवडत नाही" म्हणायला लागतं. पालक दोन महिने नेट लावतात आणि अर्धवट लिहिलेली वर्कबुकं आमच्याकडे परत पाठवतात. लिहिलेलं वर्कबुक, पेन्सिलीने का असेना, आम्ही परत घेत नाही. पुढच्या मुलाला ते कोरंच मिळायला हवं.

मागे सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर दुकानात आली होती. हातच्याची चार अंकी बेरीज तोंडी करत होती. आम्ही कागदावर लिहिलं : ८ + ४ = __ + ५. तिने क्षणात १२ लिहिलं. पुढचा ५ तिने पाहिलाच नाही. बरोबरचं चिन्ह आलं की उत्तर लिहायचं, एवढंच इतक्या बेरजांमधून तिच्या मनात पक्कं झालं होतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणजे तिथे ७ येतात, हे उमगायला दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ ती जागची हलली नाही. मग तसलीच गणितं स्वतः रचून आईला घालायला लागली. तिला आम्ही दुसरीच्याच पातळीचा, पण डोकं चालवायला लावणारा संच दिला.

आता संचांबद्दल. १९८२ मध्ये सिंगापूरच्या शाळांसाठी आलेली 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स' ही मालिका आमच्याकडे सगळ्यात जास्त जाते. आधी वस्तू हाताळायच्या, मग चित्र, मग अंक, असा तिचा क्रम आहे. 'राधाकडे समीरपेक्षा १२ गोट्या जास्त, दोघांच्या मिळून ४०, तर राधाकडे किती?' हे गणित मूल कागदावर दोन लांब-आखूड पट्ट्यांचं चित्र काढून सोडवतं, 'क्ष' न मानता. कोड्यांवर जीव असलेल्या मुलासाठी 'बीस्ट अकॅडमी' आहे. त्यात राक्षसांच्या चित्रकथेतून गणित येतं आणि गणितं खरोखर अवघड असतात. पण इंग्रजी वाचायला अडखळणाऱ्या मुलाला ती देऊ नका. भाषेचा त्रास गणिताच्या माथी मारला जातो.

बालभारतीची पुस्तकं तर घरात हवीतच. ती आम्ही विकत नाही, ई-बालभारतीवर फुकट मिळतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा बरीच टीका झाली. आमचा अनुभव मात्र असा की हुशार मूल पुष्कळदा संख्येत अडत नाही, तिच्या नावात अडतं. ३६ आणि ६३ ची गल्लत दिसली तर आमची शंभर मण्यांची माळ घ्या. दहा-दहा मणी दोन रंगांत ओवलेली असते. आठवडाभर रोज पाच मिनिटं पुरतात.

पुढे धावण्याची घाई कशासाठी, हेही पाहा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. दहाव्या वर्षी आठवीचं पुस्तक संपलं तरी परीक्षेला थांबावंच लागतं. तो वेळ रुंदीकडे वळवा. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे शिकवा. '१ ते १०० लिहिताना ९ हा अंक किती वेळा येतो?' असं विचारा. मूल आधी १० म्हणेल, मग नव्वदीतले ९ आठवतील, ९९ पाशी पुन्हा भांडण होईल. उत्तर २० आहे, पण ते तुम्ही सांगू नका.

वर्षभराचा संच आम्ही एकदम देत नाही, सहामाहीचाच देतो. असं मूल कुठे उडी मारेल ते सहा महिने आधी कळत नाही, आणि तुमचे पैसे कपाटात पडून राहावेत असं आम्हाला वाटत नाही.

चाचणी मोफत आहे, साधारण पाऊण तासाची. मूल ताजंतवानं असताना, सकाळी सोडवून घ्या. शेजारी बसा, पण सुचवू नका. खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेली उत्तरं पुसून, सुधारून पाठवलेला पेपर आम्हाला काहीच सांगत नाही. चुकांसकट प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन दिवसांत फोन करून कोणता भाग घ्यायचा ते सांगतो.