येसराचा वास मोबाइलमधून येत नाही

लातूरच्या आमच्या वहिनी घरचं येसर, म्हणजे आमटीसाठी धान्यं-डाळी भाजून केलेलं पीठ, ऑनलाइन विकतात. सुरुवातीला पाकिटावर छापलं होतं, ‘उत्कृष्ट दर्जा, शुद्ध व सात्त्विक’. असं तर खताच्या गोणीवरही छापतात! मग ते काढून त्यांनी लिहिलं, ‘लग्नाच्या पंगतीतली आमटी. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून.’ पुण्याला नोकरीला गेलेल्या एका पोराचा निरोप आला, “वहिनी, डबा उघडला अन् मामाच्या दारातला मांडव आठवला बघा.”

बघणं, ऐकणं, स्पर्श यांचे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या चौकीवरून पुढे जातात. वास ही चौकी चुकवतो. नाकातून वासाचे संदेश घेणाऱ्या घ्राणकंदात आणि तिथून थेट अमिग्डालात, म्हणजे भावनांच्या दारात. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून वासाबरोबर अख्खा मांडव उभा राहतो.

अडचण एवढीच, की पैसे भरेपर्यंत गिऱ्हाइकाच्या नाकाला काहीच मिळत नाही. तोवरचं काम नावानं करायचं. नाव ते करू शकतं, हे २००४ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये पाहिलं. नाव न सांगता पाजलं तेव्हा कोक आणि पेप्सीत लोकांची पसंती साधारण सारखीच वाटली गेली. ‘हे कोक आहे’ असं कळल्यावर मात्र कोककडे कल झुकला आणि हिप्पोकॅम्पस जागा झाला. पेप्सीच्या नावाला ही जादू जमली नाही. म्हणजे जिभेच्या निकालात आठवणीचंही मत धरलं जातं.

कोकनं ती आठवण तयार करायला कित्येक दशकं जाहिराती केल्या. वहिनींकडे तेवढा पैसा कुठला? पण मराठवाड्यातल्या माणसाच्या डोक्यात पंगत आधीच बसलेली आहे. त्यांनी फक्त तिचं नाव घेतलं. कोकणातल्या गिऱ्हाइकाला ते वाक्य कोरडंच वाटणार. माझ्या मते तिथं भावनेच्या नादी न लागता आमटीची कृती द्यावी.

यात जोखीमही आहे. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलंय, की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी खवळतात आणि ठरलेलं मिळालं नाही तर मंदावतात. मांडवाची आठवण देणाऱ्या पाकिटाकडून अपेक्षाही मांडवाएवढीच असते. गेल्या उन्हाळ्यात एका घाण्याची बाजरी जरा जास्त भाजली गेली. त्याच पोराचा निरोप आला, “वहिनी, या बारीला मांडव नाही, करपलेली कढई आठवली.” वहिनींनी त्याला दुसरं पाकीट पाठवलं, आणि उरलेलं सगळं येसर आमच्या घरी.